जीवशास्त्राची पदवी आणि पऱ्हाटीचे शेत

जून-जुलैचे दिवस यवतमाळ जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना एकाच वेळी दोन चिंता घेऊन येतात. शेतात कपाशीची लागवड उरकायची असते आणि घरातील बारावी उत्तीर्ण मुलाच्या वा मुलीच्या प्रवेशाचाही निर्णय करायचा असतो. सरकीच्या पिशव्यांचे पैसे आणि महाविद्यालयाचे शुल्क एकाच गाठोड्यातून निघते. विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याचे पहिले स्वप्न बहुधा वैद्यकीय प्रवेशाचे असते. ‘नीट’ परीक्षेत ते भंगले की रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र हे विषय घेऊन बी.एस्सी.ला नाव घातले जाते. ‘यंदा नाव घालून ठेवू, पुढच्या वर्षी पुन्हा नीट देऊ’ हे वाक्य किती घरांत उच्चारले जात असेल, याची गणती करणे कठीण आहे.

अर्थशास्त्रात ‘संधी खर्च’ नावाची एक संकल्पना आहे. एखाद्या गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी मोजलेल्या रुपयांत नसते. तिच्यापायी जे सोडावे लागले, त्यात ती असते. या मापाने पाहिले तर बी.एस्सी.ची तीन वर्षे स्वस्त मुळीच नाहीत. त्या काळात मिळू शकली असती ती मजुरी, शिकता आला असता तो धंदा, घरच्या शेतीस झाला असता तो हातभार, हे सारे त्या पदवीच्या खात्यावर मांडावे लागते. एवढी किंमत मोजून घेतलेली वस्तू जर केवळ प्रतीक्षालय ठरणार असेल, तर हा सौदा तोट्याचा आहे. प्रश्न एवढाच की, तोटा विषयाचा आहे की तो शिकण्याच्या रीतीचा?

उत्क्रांतीच्या पाठातील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नैसर्गिक निवड समजावून सांगताना इंग्लंडमधील पतंगाचा दाखला हमखास दिला जातो. कारखान्यांच्या काजळीने झाडांची खोडे काळवंडली, फिकट पतंग पक्ष्यांच्या नजरेस पडू लागले व काळ्या पतंगांची संख्या वाढली. विद्यार्थी हे पाठ करतो, आकृती काढतो, गुण मिळवतो. परंतु हेच नाट्य त्याच्या बापाच्या शेतात अलीकडेच घडून गेले, हे त्याला कोणी सांगत नाही.

भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक या वाणात असते व त्यापासून तयार होणारे प्रथिन बोंडअळीला मारक ठरते. 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. तथापि लाखो अळ्यांत ते विष पचवणाऱ्या थोड्या अळ्या असतातच. बाकीच्या मेल्यावर त्यांचेच वंशज उरतात. हे टाळण्यासाठी बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता. तेथे जगलेल्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकारक्षम वंश पातळ व्हावा, हा त्यामागील हेतू. पण त्या ओळींतील नुकसान ज्याचे त्याला सोसावे लागे, फायदा मात्र सर्व शिवाराचा होई. अशा व्यवहारात प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. साध्या बियाण्याची पाकिटे बहुतेक ठिकाणी बांधावरच राहिली. त्यात डिसेंबरनंतरही फरदड राखण्याच्या पद्धतीमुळे अळीला अन्न आणि आश्रय दोन्ही मिळाले. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली. नैसर्गिक निवडीचा याहून जवळचा पाठ कोणत्या पुस्तकात मिळणार?

त्याच वर्षी या जिल्ह्यावर दुसरे संकट कोसळले. कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले व शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील औषधे कीटकाच्या मज्जातंतूंतील ज्या विकराला निकामी करतात, तेच विकर माणसाच्याही शरीरात असते. बी.एस्सी.च्या शरीरक्रियाशास्त्रात हे शिकवले जाते. परंतु वर्गातील हे ज्ञान फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या मजुरापर्यंत पोहोचण्याचा मार्गच आपण बांधलेला नाही.

वस्तुतः फवारणी केव्हा करावी, हा प्रश्न जीवशास्त्र व अर्थशास्त्र यांच्या सीमेवरचा आहे. किडीमुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून अधिक होऊ लागेल, त्या पातळीला कृषिशास्त्रज्ञ आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस दररोज आठ पतंग सापडणे, किंवा दहा टक्के फुलांच्या डोमकळ्या झालेल्या आढळणे, ही मर्यादा सांगितली जाते. म्हणजे औषध घेण्यापूर्वी मोजणी हवी. ज्या गावात मोजणारा नाही, तेथे निर्णय शेजाऱ्याचा पंप पाहून वा दुकानदाराच्या शब्दावर होतो. अशा फवारणीत पैसा जातो आणि प्रसंगी जीवही.

हे मोजण्याचे काम बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थी का करू शकणार नाही? यवतमाळ, वणी, पुसद अशा गावांतून विज्ञान महाविद्यालये आहेत आणि त्यांत येणारी मुले जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतील खेड्यांची आहेत. प्रत्येकाने आपल्या शिवारात दोन सापळे लावून हंगामभर नोंदी ठेवल्या, तर जिल्ह्याचा कीडनकाशा तयार होईल. प्राणिविच्छेदनावर विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये बंदी आणली. प्रात्यक्षिकाच्या त्या तासांत तक्ते दाखवण्यापेक्षा जिवंत पीक दाखवणे अधिक उचित नव्हे काय? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या नव्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांकही आहेत. ती जागा नक्कल केलेल्या वह्यांनी भरायची की स्वतःच्या नोंदींनी, हे ठरवायचे आहे.

जी गोष्ट शेताची, तीच जंगलाची. टिपेश्वरमध्ये वाढलेला, गळ्यात रेडिओ पट्टा घातलेला एक तरुण वाघ 2019 मध्ये शेकडो किलोमीटर चालत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या वाटेत कपाशीची शेतेही होती. राळेगाव-पांढरकवडा भागातील वाघीण 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मारली गेली, तेव्हा तिच्या शोधासाठी बाहेरून नेमबाज बोलवावे लागले. पायांचे ठसे आणि वनस्पतींच्या खुणा ओळखणारे कोलाम जाणते याच मुलखात राहतात. त्यांच्या माहितीला शास्त्राची जोड देणारा पदवीधर मात्र येथे घडत नाही.

यावर आक्षेप येईल की, सापळे मोजून नोकरी मिळते काय? आक्षेप रास्त आहे. कृषी खात्याच्या पदांना कृषी पदवी लागते. शिक्षक व्हायचे तर बी.एड. हवे, वनसेवेच्या परीक्षेत जागा थोड्या. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकांकडून क्षेत्रकार्याची अपेक्षा करणे हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. म्हणून केवळ विद्यार्थ्यांना उपदेश करून भागणार नाही. रिक्त जागा भराव्या लागतील आणि गावपातळीवर कीडनिरीक्षणाचे मानधनी काम या पदवीधरांना द्यावे लागेल. फसलेल्या हंगामानंतर वाटाव्या लागणाऱ्या नुकसानभरपाईच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

पालकांनी आणि शिक्षकांनीही एक गोष्ट मनाशी बांधावयास हवी. हुकलेल्या वैद्यकीय प्रवेशाची सावली म्हणून या पदवीकडे पाहिले, तर तीन वर्षे वाया जाणारच. पण डोमकळी उघडून आतली अळी वडिलांना दाखवणारी आणि ‘आज फवारू नका, पातळी गाठलेली नाही’ असे आकड्यानिशी सांगणारी मुलगी ज्या घरात असेल, त्या घराने मोजलेले शुल्क त्याच हंगामात वसूल होऊ लागलेले असेल.