पेडल बुडतंय? मग गाडी फडात घालू नका



गळिताची चाहूल लागली की आपल्या भागात ठरलेली लगबग सुरू होते. मुकादमाला उचल दिली जाते, ट्रॉलीच्या फळ्या बदलल्या जातात, टायर पाहिले जातात, टेम्पोला नवा रंग चढतो. ब्रेककडे मात्र सहसा कोणी वळत नाही. "लागतोय की अजून," असं म्हणून ते काम पुढच्या वर्षावर ढकललं जातं. त्या 'अजून'बद्दल आज चार शब्द सांगायचे आहेत.

मागच्या एका हंगामातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले असतील. काट्याकडे जाणाऱ्या रांगेत आपल्याच एका सभासदाचा उसाने भरलेला टेम्पो थोड्या चढावर उभा होता. ड्रायव्हर चहाला गेला होता. टेम्पो आपोआप मागे सरकू लागला. मागे एक टायरगाडी सोडलेली होती, बैल बाजूला वाढे खात होते आणि गाडीखाली टोळीतलं एक जोडपं लेकराला घेऊन झोपलं होतं. शेजारच्या ट्रॉलीवरच्या पोराने ओरडत धावत जाऊन चाकाखाली धोंडा सारला. टेम्पो गाडीपासून हातभर अंतरावर थांबला. कोणाला खरचटलंही नाही. लेकरू तर जागंसुद्धा झालं नाही. पण आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

ड्रायव्हर धावत आला आणि शपथेवर सांगू लागला, "हँडब्रेक ओढलाय साहेब, बघा तुम्हीच." आम्ही पाहिला. खरोखरच ओढलेला होता. मग टेम्पो सरकला कसा?

दुसऱ्या दिवशी ऊस खाली झाल्यावर वर्कशॉपच्या मिस्त्रींनी मागची दोन्ही चाकं उघडली. डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता आणि ड्रम आतून तेलाने माखला होता. उजव्या चाकाचे लायनर झिजून रिव्हेटला आले होते. मालकाला विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पंधरा दिवस झाले, पेडल जरा मऊ लागत होतं. आठवड्याला थोडं ऑइल टाकत होतो. हँडब्रेक ढिला झाला म्हणून केबल ताणून घेतली."

म्हणजे दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! मऊ पेडल आणि न धरणारा हँडब्रेक ही त्या टेम्पोची दोन दुखणी नव्हतीच, एकच होतं. आपल्याकडच्या बहुतेक टेम्पो-जीपमध्ये हँडब्रेकची केबल मागच्या चाकातले तेच लायनर दाबते, जे पायाच्या ब्रेकने दाबले जातात. लायनर तेलकट झाले की पायानेही गाडी नीट थांबत नाही आणि हातानेही थांबत नाही. केबल ताणल्याने फक्त दांडा घट्ट लागतो, आणि आपली समजूत होते की काम झालं.

पायाला काय कळतं?

पाय पेडलवर पडला की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल नळ्यांतून चाकापर्यंत दाब नेतं. पातळ पदार्थ दाबल्याने आकसत नाही, हवा मात्र आकसते. सगळी मेख इथे आहे. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना धोंडे लावा आणि पेडल दाबून बघा.

पेडल खोल जातं, पण दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन टणक लागतं, तर बहुधा लायनर आणि ड्रम यांतलं अंतर वाढलेलं आहे. लायनर तपासून ॲडजस्ट करावेत.

दोन-तीनदा मारल्यावर वर येतं, पण पायाखाली चेंडूसारखं लवतं, तर नळ्यांत हवा शिरली आहे. ती काढलीच पाहिजे, पण शिरली कुठून हेही शोधलं पाहिजे.

पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू बुडत गेलं, तर दाब कुठूनतरी निसटतो आहे. आधी नळ्या, होज पाइप आणि चाकांची आतली बाजू ओली आहे का ते बघा. बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर गेलेले असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी रस्त्यावर आणूच नये.

सकाळी पेडल चांगलं असतं, पण लांब उतार उतरल्यावर मऊ पडतं, तर ऑइलमध्ये पाणी आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ जातीचं कोरं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळू नये, असं त्याचं प्रमाण आहे. ओल शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उतारावर ड्रम तापतो, ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावं. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये.

उतारावर पेडल टणक असूनही गाडी थांबत नसेल, तर ते निराळं. तिथे लायनर तापून त्यांची पकड सुटलेली असते. गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्यावी. पाणी ओतू नये. तापलेला ड्रम तडकतो.

ऑइल टाकताना

टाकीतलं ऑइल आठवड्याला कमी होतं म्हणजे ते कुठेतरी गळतं आहे. वरून भरणं हा इलाज नव्हे. दुसरी गोष्ट, हाताला लागेल ते तेल ओतू नका. जीप-टेम्पोच्या ब्रेकमध्ये इंजिन ऑइल गेलं तर आतले रबर फुगतात आणि सगळे सिलिंडर उघडायची पाळी येते. उलट, काही ट्रॅक्टरांच्या ब्रेकला खनिज तेलच लागतं, तिथे डॉटचं ऑइल चालत नाही. झाकणावर काय लिहिलं आहे ते आधी वाचावं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करून ऑइल व हवा बाहेर सोडायची, आणि निपल घट्ट केल्यावरच पेडल सोडायचं. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. निघालेलं ऑइल परत वापरू नये.

तेलकट झालेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवायची खोड आपल्याकडे आहे. ती सोडावी. गळती बंद करून लायनर नवेच टाकावेत, आणि दोन्ही चाकांना टाकावेत. ड्रममधली धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते फुफ्फुसाला घातक आहे.

हँडब्रेकचा क्रम

पुढच्या चाकांना धोंडे लावून मागची चाकं उचलावीत आणि खाली भक्कम टेकू द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. दांडा पूर्ण सोडावा. मग चाकातला ॲडजस्टर फिरवून लायनर ड्रमला टेकवावेत आणि चाक मोकळं फिरेल इतपत मागे घ्यावेत. केबलला हात लावायचा तो यानंतर. दांडा सोडल्यावर चाक मोकळं फिरत नसेल, तर केबल गंजून अडकली आहे. तिला तेल पाजत बसण्यापेक्षा ती बदलावी.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

ट्रॅक्टर दोन-अडीच टनांचा आणि मागे दोन ट्रॉल्यांत त्याच्या कितीतरी पट ऊस. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणजे सगळा भार ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांवर. वेग दुप्पट केला तर थांबवायला चौपट जोर लागतो. म्हणून रस्त्यावर येताना दोन्ही पेडलं एकमेकांना जोडणारं लॉक लावलंच पाहिजे. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो आणि मागून ट्रॉली त्याला ढकलते. दोन्ही पेडलांची ढिलाई सारखी ठेवावी. सुक्या डिस्कच्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये एका बाजूचा ब्रेक घसरत असेल, तर त्या बाजूचं ऑइल सील बघावं. उभ्या ट्रॅक्टरची पेडलं अडकवून ठेवणारा खटका झिजला असेल, तर ट्रॉली भरण्याआधी तो बदलावा.

आणि एक सवय लावून घेऊ. भरलेलं वाहन सोडून खाली उतरताना हँडब्रेक ओढायचा, इंजिन बंद करून गिअरमध्ये ठेवायचं (चढाला तोंड असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स) आणि चाकाला धोंडा लावायचा. तिन्ही करायचं, तिन्हींतलं एक नव्हे.

या सगळ्या तपासणीला अर्धा दिवस पुरतो. मोळी पडायच्या आधी तो काढता येतो. हंगाम सुरू झाल्यावर एक खेप चुकली तरी जीव वरखाली होतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

रांगेत आपल्या वाहनामागे रात्री कोण झोपलेलं असतं, हे आपल्याला ठाऊक नसतं. आपलं पेडल मात्र आपल्या पायाखालीच असतं. ते बुडत असेल, तर आजच बघा.

येणारा हंगाम सर्वांना सुखरूप जावो.