फियाटचा पार्ट मिळेल का?

मुंबईच्या ताडदेव आरटीओत शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. शहरात टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी टॅक्सी म्हणून अधिकृतपणे रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत हळवे निरोप छापून आले, काळ्यापिवळ्या फोटोंचा पूर आला. त्या निरोपांत एका गोष्टीबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. ज्यांच्या दारात आजोबांची फियाट, म्हणजे हीच गाडी, ताडपत्रीखाली उभी आहे आणि जे ती पुन्हा चालती करायच्या खटपटीत आहेत, त्यांना लागणाऱ्या सुट्या भागांचा बाजार याच टॅक्सींनी जगवला होता.

हिशोब सरळ आहे. गाडीचं उत्पादन थांबल्यावरही क्लच प्लेट, वॉटर पंपाचं किट, हेड गॅस्केट, सायलेन्सर या वस्तू बनत राहिल्या, कारण टॅक्सीवाल्याला त्या सतत लागत. हौशी मालक गाडी काढतो रविवारी सकाळी. त्याच्या जिवावर कुणी पिस्टन ओतत बसत नाही. टॅक्सी गेली, तशी दुकानांची फळी हळूहळू रिकामी होऊ लागली. आता उरलेला माल एकतर जुन्या स्टॉकमधला, नाहीतर भंगारातला, नाहीतर घाईघाईने बनवलेला डुप्लिकेट.

ही गाडी मुळात मुंबईचीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. १९६४ ची अकराशे डिलाइट हे पद्मिनीचं मूळ रूप. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. नाव बदललं, जाळी बदलली, दिवे बदलले, पण पेट्रोल इंजिन तेच: चार सिलिंडर, १०८९ सीसी, बिडाचा ब्लॉक आणि त्यावर ॲल्युमिनियमचं हेड. तीन दशकांहून जास्त काळ एकच इंजिन चालल्याचा फायदा असा, की १९८८ च्या गाडीचा भाग १९६८ च्या गाडीला बरेचदा बसतो.

पण बरेचदा म्हणजे नेहमी नव्हे. परदेशातून भाग मागवणारे इथेच फसतात. इटलीतही अकराशे डी नावाची गाडी होती, मात्र तिचं इंजिन १२२१ सीसीचं. तिथल्या सिलिंडरचा बोअर ७२ मिलिमीटर, आपल्याकडचा ६८. स्ट्रोक दोन्हीकडे ७५. नाव वाचून, किंमत बघून, कस्टम ड्युटी भरून मागवलेला पिस्टन मग शोभेला ठेवावा लागतो. उलट प्रीमियरचीच दुसरी गाडी, ११८ एनई, बाळगणारे नशीबवान. तिच्यात निसानचं ए-१२ इंजिन आहे, ११७१ सीसीचं, आणि तेच इंजिन डॅटसन १२०० या जगभर खपलेल्या गाडीत असल्याने त्याचे भाग आजही अनेक देशांत मिळतात.

देशातल्या देशात शोधायचं तर ठिकाणं ठरलेली आहेत. मुंबईत ऑपेरा हाउसची स्पेअर पार्टची दुकानं आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा भंगारबाजार. पुण्यात नाना पेठ, आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार हे त्याच गोत्रातले. या दुकानांत रिकाम्या हाताने जाण्यात अर्थ नसतो. 'फियाटचा फ्युएल पंप आहे का?' असं विचारलं, तर 'नाही' हे उत्तर ठरलेलं. जुना पंप पुडक्यातून काढून काउंटरवर ठेवला, की तोच माणूस तो उलटापालटा करून बघतो, पोरगं माळ्यावर चढतं आणि तेलकट कागदात गुंडाळलेलं काहीतरी खाली येतं. म्हणून गाडीवरून काढलेला एकही नट काम संपेपर्यंत टाकू नये. ज्यांनी जुने भाग 'नवे येणारच आहेत' म्हणून भंगारवाल्याला दिले, त्यांना पुढे तेच भाग त्याच भंगारवाल्याकडून विकत घ्यावे लागले, असे किस्से प्रत्येक गॅरेजात ऐकायला मिळतात.

मुळात भाग शोधण्याआधी दुखणं कुठे आहे हे कळायला हवं, आणि हौशी मंडळी नेमकी इथे उतावीळ होतात.

बरीच वर्षं उभी राहिलेली गाडी धक्का मारून चालू करायचा मोह होतो. तो आवरावा. पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरलेल्या असतात. जोर लावला तर रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडा जातो, आणि मग इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जाणता मिस्त्री आधी चारही प्लग काढतो, प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडतो आणि एकदोन दिवस गाडीकडे ढुंकून पाहत नाही. मग पाना लावून क्रँक हाताने हळूच फिरवून बघतो. ती सुटली, की टाकीतलं सडकं पेट्रोल आणि जुनं ऑइल काढलं जातं. स्टार्टरची पाळी त्यानंतर.

इंजिन फिरायला लागलं, की कॉम्प्रेशन तपासायचं. प्लगच्या जागी गेज लावून चारही सिलिंडरचा दाब कागदावर लिहून काढायचा. एखाद्यात दाब कमी दिसला, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचा. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. ऑइलने फट तात्पुरती बुजली इतकंच. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम पडलेला असेल, तर त्या दोघांच्या मधली हेड गॅस्केट गेली असण्याची शक्यता दाट. या अर्ध्या तासाच्या कामावरून कळतं, की खर्च हेड काढून भागेल की पूर्ण इंजिन उतरवून बोअर करावं लागेल. दोन्हींच्या बिलात फार अंतर असतं. हे न करता 'इंजिन काम मागतंय' म्हणणाऱ्या मिस्त्रीला कागदावरचे आकडे विचारावेत.

फियाटचं सगळ्यांत बदनाम दुखणं म्हणजे गरम होणं. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली फियाट एका अख्ख्या पिढीने पाहिली आहे. वर्षानुवर्षं नळाचं किंवा विहिरीचं पाणी घातल्याने ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांत क्षार आणि गंज साचतो, रेडिएटरच्या नळ्या बुजतात. वर हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ते बिडापेक्षा जास्त फुगतं, म्हणून एकदा सणसणीत गरम झालं की वाकतं आणि गॅस्केट फुंकते. अशा वेळी नुसती गॅस्केट बदलणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. हेड मशीनवर फेसिंग करून सपाट करावं लागतं, ब्लॉकच्या बाजूचे वाटीसारखे पत्र्याचे प्लग काढून आतला गाळ खरवडावा लागतो आणि हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळावे लागतात. पुढे नळाचं पाणी बंद, कूलंट चालू. नवीन रेडिएटर मिळत नसेल तर रडायचं कारण नाही. जुन्याच टाक्या ठेवून मधला कोअर नवा बसवून देणारे कारागीर अजून आहेत.

दुसरं दुखणं पेट्रोलमधून येतं. शिसं घातलेलं पेट्रोल देशात २००० च्या सुरुवातीला बंद झालं. हवेसाठी ते फारच चांगलं झालं, मात्र जुन्या इंजिनांत तेच शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटचं झिजेपासून रक्षण करत होतं. सीट मऊ असेल तर व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. टॅपेट पुन्हा पुन्हा टाइट होत असतील, तर हे लक्षण ओळखावं. इलाज फार अवघड नाही: झिजलेली सीट काढून कडक मिश्रधातूची बसवायची, मग व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचे. काम नीट झालं का, हे पाहायची रीत जुनी आहे. हेड उलटं ठेवायचं आणि प्रत्येक कप्प्यात रॉकेल ओतायचं. थोड्या वेळाने पोर्टमध्ये ओल दिसली, तर घासणं अजून बाकी आहे.

आता त्यात इथेनॉलची भर पडली. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं. ऊस आपल्याच शेतातला असला तरी फियाटच्या रबराला तो मानवत नाही. जुने पाइप फुगतात, मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा कडक होतो किंवा फाटतो, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ओलावा धरला जाऊन गंज चढतो. उन्हाळ्यात पंपापाशी पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, हे तर जुनंच. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं ठेवत ते त्यासाठीच. पाइप इथेनॉलला टिकणारे घालणं आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल न ठेवणं, एवढं तरी पाळायलाच हवं.

कार्बोरेटरवर मात्र नाहक आळ येतो. गाडी झटके देते, पिकअप नाही, की लगेच जेट साफ करायला घेतात. पुष्कळदा दोष असतो पॉइंट आणि कंडेन्सरमध्ये. बाजारात मिळणारे नवे कंडेन्सर इतके बेभरवशाचे, की काही मिस्त्री जुना चालणारा कंडेन्सर जपून ठेवतात. खरोखर कार्बोरेटरच झिजला असेल, तर आधी थ्रॉटलचा स्पिंडल बोटांनी हलवून बघावा. तो खुळखुळत असेल तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. नवा कार्बोरेटर शोधत हिंडण्यापेक्षा लेथवर पितळेची बुश फिरवून घेणं स्वस्तही आणि खात्रीचंही. वॉटर पंपाचं, गिअरच्या दांड्यातल्या बुशांचंही तेच. टॅक्सी गेल्यानंतरच्या काळात फियाटवाल्याने दुकानदारापेक्षा चांगल्या टर्नरशी ओळख वाढवावी, हे बरं.

राहिला शेवटचा मोह: भंगारातून अख्खं इंजिन उचलायचा. ते बहुधा टॅक्सीचं असतं, बरीच वर्षं सीएनजीवर पळालेलं. सीएनजी कोरडा असल्याने त्याच्या व्हॉल्व्ह सीटचे हाल आधीच झालेले असतात. शिवाय ब्लॉकवरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी जुळत नाही. बदल आरटीओत नोंदवला नाही, तर पासिंगच्या वेळी गाडी अडते. आणि आता इंजिन बदलण्याला आणखी एक किंमत आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. १९७४-७५ च्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. तेव्हा गाडी खोलायला देण्याआधी एक काम करा: ब्लॉकवरची काजळी पुसून इंजिन नंबर वाचा, तो आरसीशी ताडून बघा, आणि जुळत असेल तर तो ब्लॉक कुणालाही बदलू देऊ नका. बोअर करता येतो, स्लीव्ह घालता येते.