घरचा मिस्त्री

जुन्या वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिराती ज्यांनी कधी चवीने वाचल्या असतील, त्यांना एक मासला हमखास आठवेल. 'मोटार विकणे आहे. पारशी मालक, एकहाती वापर.' गाडी कितव्या सालची आणि किती मैल चाललेली, हा तपशील त्यानंतर. 'पारशी मालक' या दोन शब्दांत सारी हमी आली. गाडी रोज पुसली गेली आहे, ऑईल वेळच्या वेळी बदलले आहे आणि बॉनेटखाली काय चालले आहे ते मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, असा त्याचा अर्थ.

आम्हां बडोदेकर मराठी कुटुंबांत या गोष्टीची थोडी थट्टा होई आणि मनातून थोडा हेवाही वाटे. आपल्याकडे मोटार आली की तिच्याबरोबर ठरलेला मिस्त्री आलाच. घरातल्या मुलाने पाना हाती घेतला तर 'अभ्यास नाही का?' ही पृच्छा आधी आणि 'सदरा बघ कसा केलास!' हा उद्गार मागोमाग. नोकरी, गाणे, नाटक, व्यायामशाळा या साऱ्या गोष्टी प्रतिष्ठित. पण काळे झालेले हात घेऊन जेवायला येणारा गृहस्थ आमच्या पंक्तीत जरा विचित्रच दिसे.

आमच्या नात्यात असे विचित्र गृहस्थ एकच, सुरतेचे आतोबा. आत्या लग्न होऊन सुरतेस गेली तेव्हा त्यांचे बिऱ्हाड नानपुऱ्यात होते. शेजारच्या वृद्ध पारशी सद्गृहस्थांना दर रविवारी मोटारीखाली आडवे झालेले आतोबा पाहत. प्रथम पाने हाती देण्याची उमेदवारी, मग प्लग साफ करण्याची बढती, अशा क्रमाने ते स्वतःच मोटारीखाली कधी गेले, हे आत्यालाही सांगता येत नसे. पुढे अडाजणला घर झाले, अंगण मिळाले आणि त्या अंगणात १९७८ सालची एक पद्मिनी येऊन उभी राहिली. ती अजून उभी आहे. उभी आहे असे म्हटलेले आतोबांना खपत नाही. 'चालू आहे' म्हणावे.

हा नाद केवळ काटकसरीतून निघाला असे कोणी समजू नये. पण टंचाईने त्याला खतपाणी घातले हे खरे. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. हिंदुस्थान मोटर्सचा आरंभ आपल्या ओखा बंदरी झाला आणि नंतर ती बंगालात उत्तरपाड्याला गेली, तिची ॲम्बेसेडर. तिसरी मद्रासकडची स्टँडर्ड हेरल्ड. मध्यमवर्गीय माणसाची निवड इथेच संपे. नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागे. इतक्या तपश्चर्येने आलेली गाडी पाचसहा वर्षांत काढून टाकण्याची कल्पना कोणाला सुचणार? ती तीस वर्षे चालवायची, म्हणजे तिचे कुळमूळ ठाऊक हवे. शिवाय त्या गाड्या घरच्या मिस्त्रीला वश होण्यासारख्या होत्या. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला जागा. कार्बोरेटर, प्लग, डायनॅमो सारे समोर. लपवाछपवी नव्हती.

हौस अंगात मुरली की ती कुठवर जाते याचे उदाहरण इचलकरंजीला आहे. तिथल्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच बांधून रस्त्यावर आणली. तिचा कारखाना झाला नाही, ही गोष्ट निराळी.

आतोबांची मजल तिथवर नाही. त्यांचा रविवार कसा जातो, ते सांगतो. सकाळी चहानंतर जुना पायजमा. प्रथम दहा मिनिटे काहीच करायचे नाही. इंजिन चालू करून नुसते ऐकायचे. चार सिलिंडरांपैकी एक चुकत असेल तर चालीत लंगडेपणा येतो, मिस्त्रीलोक त्याला 'मिसिंग' म्हणतात. मग रबरी मूठ असलेल्या पकडीने प्लगची एकेक वायर क्षणभर काढायची. वायर काढताच इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर निर्दोष. काही फरकच पडला नाही तर चोर सापडला. त्यानंतर प्लग काढून त्याचे तोंड पाहायचे. फिकट तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, ओला तेलकट असेल तर रिंगा झिजल्या. वैद्याने जीभ पाहावी तसे हे प्लग पाहणे.

पॉइंटांचे काम मात्र नाजूक. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, आणि ठिणग्यांनी एका बाजूला खड्डा, दुसरीवर उंचवटा येतो. आतोबांच्या सोसायटीत हिऱ्यांना पैलू पाडणारा एक तरुण राहतो. त्याची स्वतःची मारुती ८०० आहे. तो आपले हिरे पाहण्याचे भिंग डोळ्याला लावून पॉइंट तपासतो आणि 'काका, घासा हजी थोडुं' असा निर्णय देतो. सुरतेबाहेर ही सोय कोठे मिळणार? ब्रेकच्या ड्रमला चाकोऱ्या पडल्या तर उधन्याला जायचे. तिथे लेथवर बसलेला कारागीर धुळे-जळगावकडचा; आतोबा त्याच्याशी मराठीत बोलतात, तो अहिराणीत उत्तर देतो आणि ड्रम आरशासारखा होऊन परत येतो. तापीकाठची रेल्वे खानदेशातून जी हजारो माणसे सुरतेच्या मागांवर घेऊन आली, त्यांच्यापैकीच हा एक.

सुरतेच्या माणसाचा हात मुळात कारागिराचा. आपल्या कलाभवनाला १८९० साली आकार देणारे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर सुरतेचेच, आणि सुतारांच्या कुळातले. कापडाच्या या राजधानीत आतोबांची तक्रार एकच: हात पुसायला चिंधी मिळत नाही. चिंध्यांचे ढीग आहेत, पण सगळे कृत्रिम धाग्याचे! ते ग्रीस टिपत नाही, नुसते पसरवते. आत्याच्या जुन्या सुती लुगड्यांवर म्हणून त्यांचा डोळा असे, आणि त्यावरून झालेले संवाद या पानावर छापण्याजोगे नाहीत.

वैशाखात गाडी भर रस्त्यात बंद पडे. पंपातच पेट्रोलची वाफ होई. उपाय पंपावर ओला फडका. श्रावणात उलट, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात दमट हवा शिरे आणि उपाय कोरडा फडका. 'निम्मे मोटारशास्त्र फडक्यात आहे,' असे आतोबा म्हणत. उरलेल्या निम्म्यात एक नियम त्यांनी कधी मोडू दिला नाही. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली जायचे नाही. लाकडी ठोकळे आधी, माणूस नंतर.

हा सारा रविवारचा खेळ वाटेल. तो खेळ नव्हता, हे २००६ च्या ऑगस्टात कळले.

त्या वर्षी राखीपौर्णिमेच्या सुमारास उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि तापी शहरात शिरली. अडाजण, रांदेर, नानपुरा, अठवा, कोठे पुरुषभर पाणी, कोठे पहिला मजला गाठलेला. आत्या-आतोबा वरच्या खोलीत, आणि अंगणात पद्मिनीचे छप्परही दिसेना. तीनचार दिवसांनी पाणी ओसरले तेव्हा साऱ्या सोसायटीत घोट्याएवढा चिकट गाळ आणि त्यात रुतलेल्या मोटारी. मी बडोद्याहून पोहोचलो तो घर धुण्याच्या कामासाठी. पाहतो तर आतोबा दारोदार फिरून एकच विनवणी करीत होते: 'किल्ली फिरवू नका!'

कारण सोपे आहे. सिलिंडरात हवा असेल तर ती दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. पाणी भरलेल्या इंजिनाला सेल्फ मारला की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि मधला दांडा वाकतो. दहा मिनिटांपूर्वी जी गाडी नुसती भिजलेली होती, ती आता मोडलेली असते. पण चार दिवस कोंडलेल्या माणसाला धीर कोठला? कित्येकांनी किल्ली फिरवलीच. त्या आठवड्यात गल्लीतून ऐकू आलेला तो 'खट्' आवाज माझ्या कानांतून अजून गेलेला नाही.

आतोबांनी काय केले? बॅटरीची वायर आधी सोडवली. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे ऑईल सोडले. मागचे एक चाक उचलून, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून ते चाक हाताने फिरवायला मला बसवले. तसे केले की इंजिन आतून हळूहळू फिरते आणि प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या उडतात. मग खालचा नट सैल केला. पाणी ऑईलपेक्षा जड, म्हणून आधी ते आले, त्यामागून ताकासारखे पांढुरके ऑईल. गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल, पेट्रोलची टाकी, सगळीकडे तोच प्रकार. ऑईल भरायचे, थोडे फिरवायचे, पुन्हा काढायचे. तीनदा झाले. चाकांचे ड्रम उघडले तर आत तापीचा गाळ विटेसारखा बसलेला. बैठका गच्चीवर, डायनॅमो आत्याच्या स्वयंपाकघरात शेगडीजवळ. वर पावसाचे दिवस, त्यामुळे वाळवणालाच तीन आठवडे लागले. सप्टेंबरात एका सकाळी इंजिन खोकले, पांढरा धूर ओकले आणि चालू लागले. आत्याने गाडीला हळदकुंकू लावले. इतकी वर्षे जिला ती 'सवत' म्हणत आली, तिलाच!

सोसायटीतल्या ज्या तीन गाड्यांच्या मालकांनी आतोबांचे ऐकले, त्याही वाचल्या. नव्या पद्धतीच्या काही मोटारी मात्र किल्ली न फिरवताही गेल्या. त्यांचे इंजिन चालवणारी विजेची पेटी गाळात बुडाली होती, आणि ती उघडून वाळवणे घरच्या मिस्त्रीच्या आवाक्यातले नव्हते.

म्हणून हा नाद आता संपला, असा गळा मी काढणार नाही. आतोबांचा नातू इंजिनियर आहे. त्याच्या गाडीचे इंजिन गेल्या दिवाळीत मिसिंग करू लागले. त्याने स्टिअरिंगखालच्या खोबणीत काडेपेटीएवढे एक यंत्र खोवले आणि मोबाईलवर अक्षरे उमटली: 'पी-०३०१'. म्हणजे पहिला सिलिंडर चुकतो आहे. पोराने पहिल्या सिलिंडरवरची कॉइल दुसऱ्यावर नि दुसऱ्यावरची पहिल्यावर लावली. आता अक्षरे आली 'पी-०३०२'. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच बिघडली. आतोबा खुर्चीत बसून पाहत होते. म्हणाले, 'अरे, हा माझाच उद्योग! फक्त याने कान भाड्याने आणलाय.' आजोबा-नातवांत त्या दिवशी जो जिव्हाळा दिसला, तो मी एरवी पाहिलेला नाही. एवढे खरे की नव्या गाडीची काही कुलपे कंपनीच्या संगणकाशिवाय उघडत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा अधिकार' म्हणून एक संकेतस्थळ काढले, त्यात मोटारीही आहेत. त्याने कुलपे किती सैल होतात, ते नातवाच्या पिढीला दिसेल.

आतोबांची विवंचना निराळी. पद्मिनीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीला पूर्वी सहाशे रुपये पडत, २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाले. २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांपुढच्या गाड्यांना दहा हजार ठरले. आतोबांची मुदत संपते २०२८ साली. आणि त्याच साली गाडीला पन्नास वर्षे पुरी होतात, म्हणजे २०२१ च्या नियमांप्रमाणे ती 'व्हिंटेज' म्हणून मिरवू शकते. वीस हजार रुपये भरले की निराळी पाटी, निराळा मान. २०२३ च्या जानेवारीत आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा जो दरबार भरला होता, त्याच्या पंक्तीला बसण्याचा अधिकार म्हणा. पण या मानाला एक अट आहे. अशी गाडी प्रदर्शनाला, शर्यतीच्या फेरीला, पेट्रोल भरायला वा दुरुस्तीला न्यावी. रोजच्या कामाला नाही. 'म्हणजे भाजी आणायची नाही?' आतोबांनी विचारले. नाही. 'मग नको तो मान. ही काय राजाची गाडी आहे?'

त्यातून सुटे भाग दुर्मिळ होत चाललेले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ही पद्मिनीच असे, आणि तिच्या जीवावर कुर्ल्याचा जुन्या भागांचा बाजार चाले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. अहमदाबादच्या रविवारच्या गुजरीत अजून कधी एखादा कार्बोरेटर सापडतो. पण तिथवर फिरायला आतोबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. हातही कापतो. पॉइंटांची फट हल्ली नातू लावतो आणि आतोबा ऐकून 'बरोबर' किंवा 'पुन्हा' एवढेच सांगतात.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाला केसाएवढी चीर गेली आहे, पावसाळ्याच्या आत नवे हवे. बडोद्यात विचारून पाहा म्हणाले. बाजारात विचारून झाले, मिळाले नाही. आपल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर मात्र काय काय असते याची मला कल्पना आहे. फियाट ११००चे अथवा पद्मिनीचे टोपण कोणाच्या वडिलांनी कागदात गुंडाळून ठेवलेले सापडले, तर कृपा करून या पानाच्या संपादकांकडे निरोप ठेवावा. चीर नसावी, बाकी कितीही धूळ चालेल.