मनाचा भार आणि गावची बैठक

भीती वाटली म्हणजे छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते व हातापायांना कंप सुटतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. संकटाची जाणीव होताच मेंदू मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींना इशारा देतो. त्यांतून अ‍ॅड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात आणि शरीर झुंजण्यास अथवा पळून जाण्यास सज्ज होते. संकट टळले की ही सज्जताही ओसरते. निसर्गाची ही योजना उपकारक आहे. परंतु ती थोड्या वेळापुरती आहे.

संकट टळतच नसेल तर काय व्हावे? घरात धान्य नाही, आधीचे मूल दगावले आहे, पुन्हा दिवस गेले आहेत आणि दवाखाना डोंगरापलीकडे आहे. अशा स्त्रीचे शरीर महिनोन्‌महिने सज्जच राहते. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, कशातच रस वाटेनासा होतो. पुष्कळदा याच स्थितीतून नैराश्याचा विकार उद्भवतो. त्याला ‘स्वभाव’ किंवा ‘नशीब’ म्हणून सोडून देणे योग्य नव्हे.

आधाराचे मोल

लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी १९७८ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठा आघात झालेल्या सर्वच स्त्रियांना नैराश्य येत नाही, असे त्यांना आढळले. जिच्यापाशी मन मोकळे करण्यास जिवलग माणूस असे, ती स्त्री तशाच आघातातून पुष्कळदा सावरत असे. जिला असे कोणी नसे, तिला धोका अधिक असे.

परंतु असा जिवलग मिळणे हे दैवावर अवलंबून राहिले, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? हा आधार हेतुपूर्वक उभा करता येईल काय? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच देशात मिळाले.

सिंहभूमचा प्रयोग

झारखंडमधील पश्चिम सिंहभूम व सराईकेला-खरसावां आणि ओडिशातील केओंझर हे तीन जिल्हे डोंगराळ व वनाच्छादित आहेत. हो, मुंडा, संथाळ इत्यादी आदिवासींची वस्ती येथे मोठी आहे. ‘एकजूट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात येथे एक प्रयोग केला. संस्थेच्या नावाचा अर्थ मराठी वाचकास सांगावयास नकोच. सुमारे २,२८,००० लोकवस्तीच्या प्रदेशाचे ३६ विभाग पाडण्यात आले आणि सोडत काढावी त्याप्रमाणे निम्मे विभाग प्रयोगासाठी निवडण्यात आले. आरोग्य समित्या बळकट करण्याचे काम सर्वच विभागांत झाले. स्त्रियांच्या बैठका मात्र निवडलेल्या विभागांतच झाल्या.

अशी २४४ मंडळे होती. त्यांतील १७२ मंडळे पूर्वीपासूनच अस्तित्वात होती. स्थानिक स्त्रीच बैठक चालवी. ती डॉक्टर नव्हती किंवा परिचारिकाही नव्हती. महिन्यातून एकदा, अशा एकूण वीस बैठका झाल्या. गोष्टी, खेळ व चित्रे यांच्या साहाय्याने स्त्रिया प्रथम बाळंतपणातील व नवजात बालकांच्या अडचणी शोधीत. मग त्यांतील महत्त्वाच्या कोणत्या ते ठरवीत, उपाय योजीत, ते अमलात आणीत आणि शेवटी आपणच आपल्या कामाचे परीक्षण करीत.

काय आढळले?

हा वृत्तांत २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी बैठका झालेल्या विभागांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे ३६ पहिल्या महिन्यात दगावली. इतर विभागांत ही संख्या ६४ होती. तीन वर्षांचा एकत्र विचार करता, अन्य फरक जमेस धरून, बैठकांच्या विभागांत नवजात मृत्यूंची शक्यता ३२ टक्के कमी आढळली.

बाळंतिणींच्या मनःस्थितीचीही दहा प्रश्नांच्या साहाय्याने मोजणी करण्यात आली होती. तिन्ही वर्षे एकत्र धरली, तर नैराश्यात लक्षणीय फरक दिसत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु तिसऱ्या वर्षी बैठकांच्या विभागांत मध्यम स्वरूपाच्या नैराश्याची शक्यता ५७ टक्के कमी आढळली. नव्याने गरोदर राहिलेल्या स्त्रियांपैकी पहिल्या वर्षी १८ टक्के बैठकांस येत. तिसऱ्या वर्षी हे प्रमाण ५५ टक्क्यांवर गेले होते. विश्वास जडण्यास वेळ लागतो.

विशेष असे की या बैठकांचा विषय नैराश्य हा नव्हताच. मग मनाचा भार हलका कसा झाला? परस्परांचा वाढलेला आधार आणि अडचणीतून वाट काढण्याचे अंगी आलेले कौशल्य, ही कारणे संशोधकांनी सुचविली आहेत. याचा अर्थ उघड आहे. एकटीला जे आपले दुर्दैव वाटते, तेच शेजारणीच्याही वाट्याला आले आहे असे कळले, की तो गावाचा प्रश्न होतो. आणि गावाच्या प्रश्नावर काहीतरी करता येते. रात्री कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात कसे न्यावे, पैसा कोठून आणावा, हे आधीच ठरलेले असेल तर निम्मी भीती तेथेच सरते.

पुढे शासनाच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांनी चालविलेल्या अशाच बैठकांचा प्रयोग झारखंड व ओडिशाच्या पाच जिल्ह्यांत झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांतही नवजात मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

मर्यादा

बैठक म्हणजे औषध नव्हे. जी स्त्री जीव देण्याची भाषा करते, किंवा जिला बालकाचे व स्वतःचे भान उरत नाही, तिला विनाविलंब वैद्यकीय साहाय्य मिळाले पाहिजे. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी उपयोगी पडतो. तसेच दारिद्र्य, मारहाण व उपासमार ही दुःखे केवळ बोलून नाहीशी होत नाहीत.

तरीपण एक गोष्ट या प्रयोगाने दाखवून दिली. आधार हा दैवयोगाने मिळण्याची वाट पाहावी लागत नाही. महिन्यातून एकदा भरणारी बैठक, ती चालविणारी गावातीलच एक स्त्री आणि धीर धरून चालविलेली दोन-तीन वर्षे, एवढ्यावर तो उभा राहू शकतो. आपल्या गावात किंवा आळीत एखादी बाळंतीण अलीकडे गप्प झाली असेल, तर पुढच्या बैठकीला तिला बोलावून आणणे हे कोणालाही करता येण्याजोगे काम आहे.