पट्टीवर न उमटणारे काम

सिकल सेल या रक्तविकारासाठीच्या सोल्युबिलिटी चाचणीत नाट्य फारसे नसते. काचनळीतील द्रावणात रक्ताचा थेंब सोडावा, काही मिनिटे थांबावे आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात की नाहीत, एवढे पाहावे. भिलाईच्या ज्या प्रयोगशाळेत मी हे पाहत उभा होतो, तेथे दुर्गकडच्या खेड्यातून आलेल्या एका मुलाच्या रक्ताने त्या रेघा पार झाकून टाकल्या, आणि तंत्रज्ञाने निमूटपणे नोंदवहीत शेरा मारून नमुना इलेक्ट्रोफोरेसिसकडे रवाना केला. कारण गढूळपणावरून सिकलचे हिमोग्लोबिन आहे इतकेच कळते, मूल वाहक ‘एएस’ की ग्रस्त ‘एसएस’, हा निवाडा इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर होतो.

नागपूरच्या शुक्ल व सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले ते १९५८ साली, भिलाईची पहिली झोतभट्टी पेटण्याच्या आदल्या वर्षी. पट्टीवर जे उमटत नाही ते मात्र बरेच उशिरा उलगडले. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची दहा-वीस दिवसांतच फुटते. तिच्यातून रक्तद्रवात सांडलेले हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन धरून ठेवते, आणि ही जोडगोळी यकृत-प्लीहेतील भक्षकपेशींच्या पृष्ठभागावरचा सीडी१६३ हा ग्राहक आत ओढून घेतो, हे २००१ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी दाखवले. या ग्राहकाचा जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. आत गेल्यावर हीमचे विघटन होते, लोह राखले जाते आणि उरलेल्या भागापासून पित्तरंजक बनते. आईने ‘पीलिया’ म्हणून सांगितलेली त्या मुलाच्या डोळ्यांतली पिवळी छटा ही भक्षकपेशींच्या अशाच अविश्रांत कामाची निशाणी.

मामला अडतो तो निराळ्याच ठिकाणी. कैद्याला घेऊन आत गेलेल्या शिपायाप्रमाणे हॅप्टोग्लोबिन परत येत नाही; ग्राहक मात्र पुन्हा पेशीच्या दारावर रुजू होतो. एसएस रुग्णात हॅप्टोग्लोबिन जवळजवळ संपलेले असते, आणि मोकाट हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड गिळून रक्तवाहिन्या आवळते. सीडी१६३च्या जनुकाला दोष देणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते. पण याच ग्राहकाच्या आधाराने पीआरआरएस हा डुकरांच्या श्वसन-प्रजननाचा रोग घडवणारा विषाणू त्यांच्या पेशींत शिरतो, आणि हा जनुक निकामी केलेल्या डुकरांना त्या रोगाची बाधा होत नाही. तेव्हा चांगला जनुक, वाईट जनुक ही वर्गवारीच पोरकट.

वैद्य हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात ते सफाई वाढवण्यासाठी नव्हे. त्याने गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढते आणि पेशी मुळातच कमी फुटतात. आपल्याकडील पुष्कळ रुग्णांत ते जन्मतःच अधिक असते, हीच त्यांच्या बाजूची मोठी जमा.