जुन्या मराठी कागदांतील अरबी सन : तो कसा वाचावा

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठेच्या बाजूस वसलेलें वारजे हें गांव आतां शहरांत मिळून गेलें आहे. अशा गांवांतील जुनीं घरें पडूं लागलीं म्हणजे त्यांतील रुमालहि बाहेर पडतात. कांहीं संग्राहकांच्या हातीं लागतात, कांहीं रद्दींत जातात. हातीं लागलेल्या कागदासंबंधीं पहिला प्रश्न असतो तो हा कीं, हा कोणत्या वर्षींचा? मोडी चांगली वाचणारा गृहस्थहि येथें पुष्कळदां अडखळतो. कारण वर्ष आंकड्यांत नसून ‘इहिदे सितैन मया व अलफ’ अशा शब्दांत असतें. हे शब्द मराठी नाहींत, फारसीहि नाहींत; ते अरबी आहेत. ते येथें कां आले व ते वाचतांना चूक कोठें होते, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम शब्द पाहूं. एक ते नऊ यांस इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा असे शब्द आहेत. दहा म्हणजे अशर. वीसपासून नव्वदपर्यंतचे दशक अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर म्हणजे मया, दोनशें मयातैन, हजार अलफ. मधला ‘व’ हा अरबी ‘आणि’ होय. एकं आधीं, मग दशक, मग शतक, मग सहस्र असा क्रम असतो. आपण पंचाहत्तर म्हणतांना पांच आधीं व सत्तर मागून म्हणतों. म्हणून मराठी कानास हा क्रम परका वाटला नसावा.

व्याकरणाचा एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अरबींत ‘सन’ हा वर्षवाचक शब्द स्त्रीलिंगी आहे व त्यास जोडलेल्या संख्येचें रूप त्याप्रमाणें बदलतें. म्हणूनच आपल्या कागदांत ‘खमसा’ नसून ‘खमस’ आहे आणि एकास ‘इहिदे’ हें स्त्रीलिंगी रूप आहे. म्हणजे हे शब्द बाजारांतून ऐकून उचललेले नव्हेत. दरबारी लेखनांतील पुरी अरबी शब्दयोजना आपल्या कारकुनांनीं जशीच्या तशी घेतली.

अरबांचा कोंकण किनाऱ्याशीं संबंध याहून फार जुना आहे. शके ८४८ (इ. स. ९२६) च्या चिंचणी ताम्रपटांत राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या पदरीं संजाण प्रांतावर ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी असल्याचा उल्लेख आहे. परंतु हा सन समुद्रमार्गें आलेला दिसत नाहीं. तो देशावर, वसुलाच्या दप्तरांतून आला.

त्याचें कारण अरबांच्या धर्मव्यवस्थेंत सांपडतें. इस्लामपूर्व अरब चांद्र महिन्यांचा ऋतूंशीं मेळ घालण्यास अधिक मास धरीत. कुराणानें ही चाल निषिद्ध ठरविली. त्यामुळें हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, सुमारें ३५४ दिवसांचें राहिलें व त्याचे महिने सर्व ऋतूंतून फिरूं लागले. उपासतापासास ही गणना सोयीची. पण पीक चंद्राकडे पाहून पिकत नाहीं. ही अडचण खुद्द बगदादच्या खलीफांसहि पडली. सारावसुलीचा आरंभ ज्या नौरोजास होई, तो दिवस मागें सरत जाऊन पीक तयार होण्यापूर्वींच वसूल मागण्याची पाळी आली, तेव्हां खलीफा मुतजिद यानें इ. स. ८९५ मध्यें तो दिवस ११ जूनवर नेऊन ठेविला.

दक्षिणेंतील शुहूर सन हा त्याच अडचणीवरील येथला तोडगा होय. ‘शुहूर’ हें अरबी ‘शहर’ म्हणजे महिना या शब्दाचें अनेकवचन. आपल्या कागदांत त्याचें ‘सुहूर’ अथवा ‘सुरू’ असेंहि रूप आढळतें. ही गणना महंमद तुघलकाच्या कारकीर्दींत इ. स. १३४४ च्या सुमारास सुरू झाली असें सामान्यतः मानतात. त्यास आधार गणिताचा आहे : शुहूर व हिजरी यांचे आंकडे मागें नेत गेल्यास ते ७४५ या वर्षीं जुळतात आणि हिजरी ७४५ चा आरंभ १३४४ च्या मे महिन्यांत झाला. तेथून पुढें शुहूर वर्ष सौर चाललें. त्याचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रीं जातो त्या दिवशीं होतो. म्हणून त्यास मृगसाल हें नांव पडलें. भाषा अरबी, आंकडा हिजरीचा आणि आरंभ कुणब्याच्या पेरणीचा, असा हा सन आहे.

तो किती रुजला हें एका गोष्टीवरून दिसेल. शके १५९६ (इ. स. १६७४) मध्यें शिवाजी महाराजांनीं राज्याभिषेक शक सुरू केला, दरबारी फारसी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोशहि त्यांच्याच आज्ञेनें झाला. तरी दप्तरांतून ‘खमस सबैन व अलफ’, म्हणजे १०७५, ही त्या सालाची अरबी ओळख गेली नाहीं. पेशवाई अखेरपर्यंत कागदांवर हा सन चालूच राहिला. वसुलाचें व हिशेबाचें वर्ष मोडणें राज्यकर्त्यांस सोयीचें नसतें, हेंच त्याचें कारण असावें असें आम्हांस वाटतें.

आतां रूपांतर. मृगापासून डिसेंबरअखेर शुहूर आंकड्यांत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळविले असतां इसवी सन येतो. शक हवा असल्यास मृगापासून फाल्गुनअखेर ५२१ व चैत्रापासून मृगापर्यंत ५२२ मिळवावे. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्यांतून ६०० वजा जातां ११६१ राहतात, तेंच आरंभीं दिलेलें ‘इहिदे सितैन मया व अलफ’. दक्षिणी फसली सनाचा आंकडा शुहूरहून नऊनें अधिक असतो; दोहोंची गल्लत करूं नये.

चुका मुख्यतः तीन प्रकारच्या होतात. पहिली शब्दाच्या शेवटाची. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर. खमस पांच, खमसैन पन्नास. कागदाची कड फाटून शेवटचें अक्षर गेलें कीं सत्तराचे सात होतात. दुसरी शतकाची. ‘इहिदे सितैन व अलफ’ म्हणजे १०६१. त्या सालीं शास्ताखान पुण्यांत होता व पन्हाळ्यास सिद्दी जौहराचा वेढा पडला होता. मध्यें ‘मया’ हा एक शब्द आला कीं आपण पानिपतावर येतों. लेखकानें शतक व सहस्र गाळून नुसतें ‘इहिदे सितैन’ लिहिलें असल्यास अक्षराचें वळण, शिक्का व कागदांतील माणसें यांवरूनच निर्णय केला पाहिजे.

तिसरी चूक सर्वांत सूक्ष्म. वर्ष सौर असलें तरी त्याच कागदावरील ‘छ’ पुढील तारीख, म्हणजे मुसलमानी महिन्याचा चंद्र, निव्वळ चांद्र असते. चांद्र वर्ष सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यामुळें एकाच शुहूर सालांत कांहीं तारखा दोनदां येतात. हिजरी ११८० चा मोहरम ९ जून १७६६ च्या सुमारास आणि ११८१ चा मोहरम ३० मे १७६७ च्या सुमारास लागला. हे दोन्ही दिवस ‘सबा सितैन मया व अलफ’ या एकाच सालांत पडतात. तेव्हां त्या सालच्या ‘छ १ मोहरम’ या कागदाचा काळ जवळ जवळ एका वर्षानें चुकूं शकतो. दोन्ही वेळीं महिना ज्येष्ठच असल्यामुळें महिन्याचें नांव उपयोगी पडत नाहीं. शक अथवा संवत्सर दिला असेल तरच उलगडा होतो : पहिला शके १६८८ व्यय, दुसरा शके १६८९ सर्वजित. जंत्रींत पहिलें जुळणारें स्थळ सांपडतांच पुस्तक मिटणाऱ्यानें एवढें लक्षांत ठेवावें.

वतनाचा कागद आजोबाच्या हयातींतला कीं नातवाच्या, पत्र लढाईच्या आधींचें कीं मागूनचें, हें सर्व या तीन-चार शब्दांवर अवलंबून असतें. म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, नक्कल करतांना सनाचे शब्द इसवी आंकड्यांत बदलून मूळ गाळूं नये; जसे दिसतील तसे, तुटलेल्या अक्षरांसह, उतरून घ्यावे व आपला अर्थ निराळा द्यावा. आपला हिशेब चुकल्यास मागून येणारा तो सुधारील. मूळ शब्दच राहिले नाहींत तर मात्र त्याचाहि उपाय चालणार नाहीं.