दहा वर्षांचा शब्द

२२ जून २०१७. मुंबई शेअर बाजारात त्या दिवशी एका शहराची नोंद झाली. पुणे महापालिकेचे २०० कोटींचे कर्जरोखे तिथे दाखल झाले: मुदत दहा वर्षं, व्याज ७.५९ टक्के. विक्रीला होते त्याच्या कितीतरी पट मागणी आली. ज्या पालिकेच्या दारात आपण तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन जातो, तिच्या शब्दावर मोठमोठ्या वित्तसंस्थांनी दहा वर्षांसाठी पैसे लावले, ही केवढी विलक्षण गोष्ट आहे!

हा विश्वास बसला कशावर? आपल्या मिळकतकरावर. रोख्यांची परतफेड सुरक्षित राहावी म्हणून कराची वसुली एका राखीव खात्यातून फिरवायची, व्याजाची तजवीज आधी करायची आणि उरलेलं पालिकेनं इतर कामांना वापरायचं, अशी ती रचना. वेळेवर कर भरणारा सदाशिव पेठेतला घरमालक असो की बाणेरचा फ्लॅटवाला, शहराची पत त्याच्या पावतीवर उभी असते. १९९८मध्ये अहमदाबाद महापालिकेनं राज्य सरकारची हमी न घेता १०० कोटी उभे केले, तेव्हाच देशाला कळलं होतं की शहर स्वतःच्या नावावर कर्ज काढू शकतं.

पुण्याला पैसा हवा होता चोवीस तास समान पाणीपुरवठा योजनेसाठी. त्यात साठवण टाक्या, नव्या जलवाहिन्या आणि मीटर बसवायचे होते. पाच वर्षांत एकूण २,२६४ कोटींचे रोखे काढायचा बेत होता, आणि पालिकेत वाद पेटला तो त्यावरूनच. विरोधकांचं म्हणणं, शहराला कर्जात लोटू नका. प्रशासनाचं म्हणणं, एवढी रक्कम एका वर्षाच्या अंदाजपत्रकातून निघणार कुठून?

खरं तर दोघंही एकाच प्रश्नाभोवती फिरत होते: पैसे कुणी भरायचे, आजच्यांनी की उद्याच्यांनी? टाकी एकदा बांधली की कित्येक दशकं टिकते. २०३५मध्ये पुण्यात राहायला येणारं कुटुंबही तिचंच पाणी पिणार. मग सगळा भार २०१७च्या करदात्यावर का? कर्ज हा भार वर्षावर्षांत वाटतं. ज्यांची अजून ओळखही झालेली नाही, अशा माणसांशी केलेला हा व्यवहार आहे.

पण याच व्यवहाराला एक धारदार कड आहे. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख, रोजचे सुमारे ४ लाख १६ हजार रुपये. काम सुरू असो वा नसो, हे मीटर थांबत नाही. रोखे विकले गेले त्याच वर्षी योजनेच्या निविदा वादात सापडल्या आणि रद्द कराव्या लागल्या. पैसा हातात आला होता, जलवाहिन्यांचं काम मात्र अडलं होतं. केंद्र सरकारनं रोखे काढल्याबद्दल २६ कोटींचं प्रोत्साहन दिलं, म्हणजे जेमतेम पावणेदोन वर्षांचं व्याज. ती मदत मोठीच, पण दिरंगाई ती सहज गिळू शकते.

आणखी एक गोष्ट पाहा. ज्या सभागृहानं हे कर्ज काढलं त्याची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. रोख्यांची मुदत मात्र २०२७पर्यंत. माणसं खुर्चीवरून उठली तरी त्यांनी दिलेला शब्द शहरावर बंधनकारक राहतो. लोकशाहीत इतकं लांबवर पोचणारं दुसरं बळ क्वचितच एखाद्या नगरसेवकाच्या हातात असेल.

म्हणूनच कर्ज चांगलं की वाईट, एवढ्यावर ही चर्चा संपवू नये. पुढच्या वेळी आपली पालिका रोखे काढायला निघाली की व्याजदराच्या आधी आपण तीन गोष्टी विचारायला हव्यात: कामाच्या निविदा तयार आहेत का, जागा ताब्यात आहे का आणि पहिला हप्ता कोणत्या उत्पन्नातून जाणार? ही उत्तरं कागदावर असतील तर कर्ज जरूर काढावं, कारण मोठी कामं एका पिढीच्या खिशातून उभी राहत नाहीत. उत्तरं नसतील, तर ज्यांना अजून मतदानाचा हक्कही नाही त्यांच्या वतीनं आपणच ठामपणे नको म्हणायला हवं.